अनुमोदक हौसेराव

सहकारी गृहनिर्माण संस्थेत कोणताही ठराव मंजूर व्हायला दोन माणसं लागतात, एक सूचक आणि एक अनुमोदक. सूचकाला निदान ठराव काय आहे हे माहीत असावं लागतं. अनुमोदकाला तेवढीही अट नाही. तो फक्त सचिवांच्या नजरेच्या टप्प्यात बसलेला असावा लागतो.

नेरूळच्या 'वनश्री' सोसायटीत हे पद गेली अकरा वर्षं श्री. हौसेराव जगदाळे यांच्याकडे होतं. ते त्यांना कुणी दिलं नव्हतं. सोसायटीच्या हॉलमध्ये चार पंखे होते, त्यांतला एकच धड फिरायचा आणि तो पहिल्या रांगेतल्या तिसऱ्या खुर्चीच्या डोक्यावर होता. हौसेराव वेळेवर येणारे, म्हणून खुर्ची त्यांची. सचिव नंदकिशोर पाटकर ठराव वाचून मान वर करायचे, समोर हौसेराव दिसायचे आणि पाटकर लिहायचे, 'अनुमोदक : हौ. जगदाळे'. टाकीची सफाई, भटक्या कुत्र्यांना खायला घालण्यास बंदी, त्या बंदीबद्दल तक्रार करणाऱ्यांचा निषेध, या सगळ्यांना हौसेरावांचं अनुमोदन होतं. ठराव संपले की चहा-समोसे यायचे. समोसे गरम असताना चर्चा करणं वनश्रीत असभ्यपणाचं समजलं जाई.

त्या वर्षीचा ठराव क्रमांक अकरा नेमका समोशांचा वास दारात आल्यावर वाचला गेला. सूचक होते अभिराम देवस्थळी, ए विंग, सातवा मजला. महाप्याच्या एका कंपनीत ते शाश्वत विकास विभागाचे प्रमुख होते. कंपनीने वर्षभर जे काही केलं असेल त्याचा अहवाल हिरव्या कागदावर छापून घेणं हे त्यांचं काम. ठराव असा होता : संस्थेच्या आवारातील पंधरा वर्षांवरील सर्व वाहने पर्यावरणघातक समजण्यात यावीत व त्यांना आवारात प्रवेश नसावा. खाली सात पोटकलमं होती, ती वाचली असे समजण्यात आले.

पाटकरांनी मान वर केली. यंदा हिरवी चटणी आणलीय की लाल, हे बघायला हौसेराव मागे वळले होते. शेजाऱ्याने कोपराने ढोसलं, तसा त्यांनी सवयीने हात वर केला. मागोमाग उरलेले त्रेसष्ट हात वर गेले.

वनश्रीत पंधरा वर्षांवरचं वाहन एकच होतं.

ते म्हणजे हौसेरावांची वीस वर्षांची, पांढरी, बुटकी मोटार. हौसेरावांनी महाप्याच्या पंपाच्या कारखान्यात देखभाल खात्यात चौतीस वर्षं काढली होती. बिघडलं तर दुरुस्त करायचं, दुरुस्त झालं तर वापरायचं आणि वापरून होईपर्यंत नवं आणायचं नाही, एवढाच त्यांचा पर्यावरणविचार. त्याला पर्यावरणविचार म्हणतात हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. गाडीचे सगळे कागद वेळच्या वेळी नवे केलेले, धुराची तपासणी पास. वर्षाला ती धावायची जेमतेम सोळाशे किलोमीटर. मंगळवारी आणि शुक्रवारी पत्नी सगुणाबाईंना गुडघ्याच्या व्यायामोपचारासाठी वाशीला न्यायचं आणि अधूनमधून बेलापूरला त्यांच्या बहिणीकडे.

सगुणाबाईंचा गुडघा शस्त्रक्रियेनंतर धड वाकत नव्हता. रिक्षाची पायरी त्यांना जमत नसे, बसची तर नाहीच. पण ही गाडी बुटकी. त्यात करावे गावातल्या गोटीराम मेकॅनिकने पुढची सीट अर्धा हात मागे सरकवून दिली होती आणि दाराच्या चौकटीला आतून न्हाणीघरातला स्टीलचा दांडा वेल्ड करून दिला होता. सगुणाबाई दांडा धरायच्या, पाठ वळवायच्या आणि अलगद बसायच्या. त्या घरातून बाहेर पडत होत्या त्या या दांड्याच्या जोरावर.

चौथ्या दिवशी गाडीच्या काचेवर लाल चिठ्ठी चिकटलेली दिसली, 'पर्यावरणघातक वाहन'. हौसेराव चिठ्ठी घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेले आणि असला ठराव कुठल्या शहाण्याने मंजूर केला असं त्यांनी विचारलं. पाटकर माणूस वाईट नव्हता. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवून दाखवलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"मला ऐकूच आलं नव्हतं, पाटकर."

"काका, असं लेखी नका देऊ. तुम्ही न ऐकता अनुमोदन देता हे बाहेर आलं, तर अकरा वर्षांचे ठराव गोत्यात येतील. लिफ्टपण तुमच्याच अनुमोदनावर चाललीय."

हौसेराव मग देवस्थळींकडे गेले. देवस्थळी तेव्हा खाली आपल्या नव्या विजेच्या गाडीला बघत उभे होते. पाच वर्षांतली ही त्यांची तिसरी. दोन विंगांच्या मधल्या रस्त्यावर ती वळत नसे, म्हणून कोपऱ्यावरचं जांभळाचं झाड देवस्थळींच्याच हरित उपसमितीच्या शिफारशीवरून काढलं होतं. नारळ फुटला होता, चाकाखाली लिंबू चिरडला होता आणि त्यांच्या पत्नी ऋता देवस्थळींनी पेढ्यांचा बॉक्स देताना प्रत्येकाला बजावून सांगितलं होतं की बॉक्स पुनर्वापराच्या कागदाचा आहे. या गाडीतून देवस्थळी रोज एकटे महाप्याला जात. दोन टनांचं लोखंड सत्तर किलोंच्या एका माणसाला उचलून न्यायचं आणि संध्याकाळी परत आणून ठेवायचं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार.

हौसेरावांनी सरळ कारखान्यातला हिशोब मांडला. नवी गाडी बनवायची तर पोलाद वितळवावं लागतं, काच, रबर, रंग लागतो, बॅटरीसाठी कुठेतरी डोंगर उकरावा लागतो, हा सगळा धूर गाडी दुकानात यायच्या आधीच झालेला असतो. आपली गाडी बनून वीस वर्षं झाली, तिचा धूर केव्हाच विरला. आता वर्षाला सोळाशे किलोमीटर म्हणजे किती? रोज लांब पल्ला मारणाऱ्याने विजेची जरूर घ्यावी, पण जी गाडी आठवड्यातून दोनदा हलते ती मोडून नवी आणण्यात कुणाचं भलं आहे?

देवस्थळींनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना ऐकून घेण्याचं प्रशिक्षण मिळालेलं होतं.

"काका, युवर पॉइंट इज व्हॅलिड. पण गाडी बनते ती तिकडे, फॅक्टरीत. ते आपल्या हद्दीत येत नाही. आपण फक्त कंपाउंडच्या आतला कार्बन मोजतो."

मोजण्यासाठी त्यांनी एक फॉर्म तयार केला होता. त्यात वाहनाचं वय होतं, रंग होता, मालकाची पर्यावरणाविषयीची भावना शंभर शब्दांत लिहायला जागा होती. वाहन किती किलोमीटर चालतं, हा रकाना नव्हता. तो घालायचा तर ठरावात दुरुस्ती हवी, ती पुढच्या वार्षिक सभेत मांडावी आणि तिला एक अनुमोदक आणावा, असं देवस्थळींनी सुचवलं. स्वतःच्या सूचनेला स्वतः अनुमोदन देता येत नाही हेही त्यांनी आपुलकीने सांगितलं.

फॉर्मचा निकाल महिन्याभराने लागला आणि नोटीसबोर्डावर झळकला. जुनं वाहन मोडीत काढल्यास पन्नास गुण, नवं घेतल्यास तीस. त्यामुळे पाच वर्षांत दोन गाड्या काढून तीन घेणारे देवस्थळी कुटुंब सर्वांत हरित ठरलं. सर्वांत शेवटी होत्या तळमजल्यावरच्या सुंदराबाई. आयुष्यभर बसने आणि पायी फिरलेल्या या विधवा बाईंनी कधी गाडी घेतलीच नव्हती, म्हणून मोडलीही नव्हती. त्यांना शून्य गुण मिळाले आणि पोटकलम चारनुसार त्यांची नोंद 'असहकारी सदस्य' अशी झाली. पोटकलम चार कुणाला आठवत नव्हतं, पण अनुमोदन कुणाचं होतं हे सर्वांना आठवत होतं.

गुण मोडण्याला आहेत हे कळल्यावर वनश्रीत हरित क्रांती झाली. बी विंगमधल्या तिघांनी पनवेलहून एक मेलेली स्कूटर टेम्पोत घालून आणली, तिच्यावर आठ दिवस मालकी भोगली आणि तोच टेम्पो परत बोलावून तिला मोडीत पाठवली. टेम्पोच्या धुराबद्दल कुणीतरी शंका काढली. टेम्पो भाड्याचा असल्याने तो मोजायचा नसतो, असा खुलासा झाला. गाड्या विजेच्या झाल्या तसा सोसायटीचा वीजभार कमी पडू लागला आणि संध्याकाळी सगळे चार्जिंगला लावायचे तेव्हा लिफ्ट बंद पडू लागली. म्हणून उपसमितीने डिझेलचा एक दणकट जनरेटर आणला. तो ठेवायला एकच जागा मोकळी होती, हौसेरावांच्या पार्किंगची. जनरेटरचं धुराडं मात्र विचारपूर्वक कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे रस्त्यावर काढण्यात आलं. धूर हद्दीबाहेर गेला.

हौसेरावांची गाडीही हद्दीबाहेर गेली होती. ती आता गोटीरामच्या गॅरेजपाशी उभी असे आणि हौसेराव तिला सोसायटीच्या कोपऱ्यावर आणून थांबवत, कारण फाटकासमोर थांबणंही पोटकलमात बसत नव्हतं. लिफ्टपासून कोपऱ्यापर्यंत चारशे पावलं. सगुणाबाई ती काठी टेकत चालायच्या, मध्ये दोनदा टेकायच्या, दुसऱ्यांदा जनरेटरच्या कट्ट्यावर. एका शुक्रवारी त्या कट्ट्यावरून उठल्याच नाहीत. पदराने नाक झाकून बसून राहिल्या आणि हौसेराव कोपऱ्यावरून परत आले तेव्हा म्हणाल्या, "अहो, द्या ती गाडी देऊन. रोज उठून तुम्ही सगळ्यांशी भांडता, मला नाही बघवत."

हौसेराव त्या दिवशी रडले. गाडीसाठी रडलो नाही, असं त्यांनी नंतर गोटीरामला सांगितलं, आणि ते खरं होतं.

गोटीरामने मोडायला साफ नकार दिला. या गाडीचं इंजिन अजून दहा वर्षं कुरकुरणार नाही, जित्या म्हशीला पुरा असं मला सांगू नका, असं त्याचं म्हणणं पडलं. पण उपसमितीला घाई होती. शहरातल्या सोसायट्यांची 'हरित निवास' स्पर्धा तोंडावर आली होती आणि पहिल्या क्रमांकाला वनश्री फक्त एका मोडीने कमी पडत होती. देवस्थळींच्या ओळखीचा एक एजंट आला, गाडी घेऊन गेला आणि आठ दिवसांत तिच्या मरणाचं प्रमाणपत्र देऊन गेला. वनश्रीला पहिला क्रमांक मिळाला. समारंभात हौसेरावांना मंचावर बोलावून शाल पांघरली आणि प्लास्टिकच्या कुंडीतलं प्लास्टिकचं रोप दिलं. खरं रोप वाळतं आणि मग त्याचाही कार्बन मोजावा लागतो, असं निवेदिका म्हणाली. लोक हसले, हौसेरावही हसले. शाल उबदार होती आणि स्पर्धेचा हॉल वातानुकूलित होता.

मग नवी गाडी आली. देवस्थळींनी स्वतः बरोबर येऊन निवडून दिली. उंच, रुबाबदार, विजेची, हिरव्या पाटीची. सगुणाबाईंनी हळदकुंकू लावलं आणि बसायला गेल्या तेव्हा कळलं की सीट त्यांच्या कमरेच्या वर आहे. त्या गाडीत चढायचं तर आधी गुडघा वाकायला हवा आणि गुडघा वाकावा म्हणूनच तर वाशीला जायचं होतं. स्टूल आणून पाहिलं, पाट आणून पाहिला, वॉचमनने आणि हौसेरावांनी दोन्ही बाजूंनी धरून पाहिलं. तिसऱ्या खेपेला सगुणाबाई म्हणाल्या की पुरे, मी काही गव्हाचं पोतं नाही. वाशी बंद झाली. बहीण बंद झाली. गुडघा लाकडासारखा झाला. नवी गाडी जनरेटरशेजारी, मोफत मिळालेल्या कव्हराखाली उभी राहिली आणि चार महिन्यांत चाळीस किलोमीटर चालली, त्यातले पंचवीस शोरूमपासून घरापर्यंतचे.

पावसाळा संपताना गोटीरामचा फोन आला. त्याने हौसेरावांना गॅरेजवर बोलावून घेतलं आणि चहा पाजला. मग म्हणाला, "भाव, तुमची गारी जिती हाय. उरनच्या रस्त्याव बगली मी, सा मानसा भरून चालली व्हती. पाटी दुसरी हाय. पन दांडा माजाच हाय, मना वलखू येनार नाय का?"

खरंच होतं ते. मोडीत गेली होती फक्त नंबराची पाटी आणि कागद. गाडी रोज सकाळी सहा ते रात्री दहा सवाऱ्या वाहत होती, रोज दीडशे किलोमीटर. हौसेरावांच्या घरी जेवढं ती वर्षात धावायची तेवढं आता अकरा दिवसांत धावत होती. हौसेराव तडक देवस्थळींकडे गेले. त्यांना वाटलं, आता तरी या माणसाला धक्का बसेल.

"काका, सर्टिफिकेट आपल्याकडे आहे ना?" देवस्थळी म्हणाले. "मग ती गाडी अस्तित्वात नाही. जी गाडीच नाही, तिचा धूर कुठून येणार?"

चाळिशीतल्या, दोन पदव्या घेतलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर हे बोलताना लाज म्हणून नव्हती. ती असती तर हौसेरावांनी त्याला माफसुद्धा केलं असतं.

शेवटी गोटीरामने उरणच्या त्या ड्रायव्हरशी बोलणं लावून दिलं. आता मंगळवारी आणि शुक्रवारी, अस्तित्वात नसलेली ती गाडी सगुणाबाईंना सात किलोमीटरवरच्या वाशीला न्यायला तीस किलोमीटरवरून रिकामी येते आणि त्यांना पोचवून रिकामी जाते. वॉचमन तिला फाटकात घेत नाही, त्यामुळे चारशे पावलं सुटली नाहीत. पण पहिल्या दिवशी सगुणाबाईंनी दार उघडून तो दांडा धरला, पाठ वळवली, बसल्या आणि किती तरी वेळ दांड्यावरून हात फिरवत राहिल्या. कव्हराखालची नवी गाडी तेवढ्या वेळात सोसायटीच्या खात्यावर गुण मिळवत उभी होती.

यंदाच्या वार्षिक सभेला हौसेराव तयारीने गेले. पंख्याखालच्या खुर्चीकडे त्यांनी बघितलंही नाही, शेवटच्या रांगेत सुंदराबाईंच्या शेजारी बसले. दुरुस्ती एका ओळीची होती : फॉर्ममध्ये 'वाहन वर्षाला किती किलोमीटर चालते' हा रकाना घालावा. ती त्यांनी उभं राहून, मोठ्याने, दोनदा वाचली. सगुणाबाईंच्या गुडघ्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवून आले होते, तरी बोलले.

"कुणाचं अनुमोदन?" पाटकरांनी विचारलं.

हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. लिफ्टमध्ये सगुणाबाईंना "कशा आहात काकू?" विचारणारी, दिवाळीला फराळाचं ताट पाठवणारी. प्रत्येकाने आपापल्या मोबाईलमध्ये काहीतरी निकडीचं शोधायला घेतलं. किलोमीटरचा रकाना आला, तर तो आपल्यालाही भरावा लागेल हे सगळ्यांनाच कळत होतं. एकच हात वर झाला, सुंदराबाईंचा. पाटकरांनी खेदाने पोटकलम चार वाचून दाखवलं. असहकारी सदस्याचं अनुमोदन ग्राह्य धरता येत नाही. मूळ ठरावाचे अनुमोदक, श्री. हौसेराव जगदाळे. दुरुस्ती अनुमोदकाअभावी निकालात निघाली आणि दारात समोशांचा वास आला.

ठराव क्रमांक बारा देवस्थळींनी मांडला. वाहनांप्रमाणेच पंधरा वर्षांवरील सर्व स्थावर वस्तूही पर्यावरणघातक समजाव्यात. वनश्रीची इमारत चोवीस वर्षांची आहे, भक्कम आहे, गळत नाही, परंतु जुनी आहे. सबब ती पाडून तिच्या जागी बावीस मजली हरित इमारत उभारावी, पाडण्याचे गुण संस्थेस मिळावेत, राडारोडा हद्दीबाहेर टाकावा आणि प्रत्येक सदस्यास एक जादा खोली व दोन पार्किंग मिळावीत. शेवटचं वाक्य ऐकताच हॉलभर मोबाईल खिशात गेले आणि पर्यावरणाविषयीची कळकळ एकेका चेहऱ्यावर उमटू लागली. पोटकलमं एकोणीस होती, ती वाचली असे समजण्यात आले.

पाटकरांनी सवयीने मान वर केली. पहिल्या रांगेतली तिसरी खुर्ची रिकामी होती. तिच्यावरचा पंखा छान फिरत होता, चहा कपांत ओतला जात होता आणि पाटकरांचं पेन रजिस्टरवर थांबलं होतं. मग त्यांनी हॉलच्या दारात पाहिलं. तिथे तुम्ही उभे होतात. मघापासून सगळं ऐकत होतात, हौसेरावांसाठी मनातल्या मनात हळहळतही होतात.

"या ना, पुढे या, इथे हवा आहे," पाटकर अगत्याने म्हणाले. "अनुमोदक म्हणून नाव काय लिहू?"